ढोलकीचा आवाज पूर्ववत सुरू करण्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अधीक्षक,
कलोपचार विभाग,
सुमती आरोग्य न्यास रुग्णालय,
अरेरा कॉलनी, भोपाळ.

विषय : कै. मनोहर खानझोडे यांच्या नोंदीत दुरुस्ती करणे आणि ठेक्यावर चालण्याच्या सत्रांना आवाजासह परवानगी देणे.

संदर्भ : आपले दि. ४ सप्टेंबरचे उत्तर व दि. १० नोव्हेंबरचे निमंत्रण.

महोदय,

१. अर्जदार कुसुम मनोहर खानझोडे, वय ६६, राहणार अशोका गार्डन. अर्जदाराचे पती मनोहर हे ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडर होते. चौतीस वर्षे त्यांच्या हाताखालून तांब्याची तार गेली, पण कधी गुंता झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांना कंपवात जडला. हात थरथरत, त्याचे त्यांना फारसे वाटत नसे. पाय मात्र कुठल्याही दारात आले की जमिनीला चिकटत. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ते एकदा अकरा मिनिटे उभे होते. अर्जदाराने हात धरला तर म्हणाले, "ओढू नकोस. पडेन."

२. आपल्या रुग्णालयातील डॉ. सोनाली यांनी जूनअखेर गोळ्यांच्या खाली त्याच चिठ्ठीवर लिहून दिले : ढोलकीच्या ठेक्यावर चालण्याचा सराव, आठवड्यातून दोनदा, सोळा सत्रे. मनोहर यांना ती थट्टा वाटली. तरीही १ जुलैला ते आले. ढोलकीवादक श्याम यांनी त्यांना दारातच गाठले आणि म्हणाले, "काका, पैर मत देखो. ठेका सुनो." चौथ्या आवर्तनाला उजवा पाय उचलला गेला. दि. १८ जुलैला, सहाव्या सत्रात, मनोहर सबंध व्हरांडा चालून गेले आणि वळताना श्याम यांना म्हणाले, "जरा सावकाश वाजव बाबा, मी काही पळून जात नाही." दोन वर्षांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. अर्जदार भिंतीकडे तोंड करून रडली.

३. दि. २१ जुलैला विभागाच्या दारावर सूचना लागली. वरच्या मजल्यावरून तक्रार आल्यामुळे यापुढे तालसत्रे निःशब्द घ्यावीत, असे तीत म्हटले होते. आदेश पाळून श्याम ढोलकीच्या चामड्यावर चार बोटे अंतर ठेवून हात हलवू लागले. रुग्णांनी हातांकडे पाहून पाऊल टाकावे, अशी अपेक्षा होती. सहा रुग्ण ओळीने उभे राहत आणि तासाभराने तसेच खुर्चीवर बसवले जात. अशी चार सत्रे झाल्यावर मनोहर म्हणाले, "तिथे मी खांब असतो. घरी निदान माणूस तरी असतो." त्यानंतर ते आले नाहीत.

४. दि. २५ ऑगस्टला अर्जदाराने आपणांस पहिला अर्ज दिला. सत्रे आवाजासह पुन्हा द्यावीत, एवढीच विनंती होती. आपल्या उत्तरात असे आहे की, रुग्णाने सोळापैकी सोळा सत्रे पूर्ण केली असून निष्पत्ती समाधानकारक आहे, सबब पुनर्नोंदणीची आवश्यकता नाही. त्या हजेरीत १५ ऑगस्टचीही सही आहे. त्या दिवशी विभागाला कुलूप होते. सही मनोहर यांची नाही. ती सरळ रेषेत आहे.

५. मग अर्जदारानेच घरी ठेका धरला. पोह्यांचा रिकामा डबा काखेत घेऊन ती पुढे चाले आणि मनोहर मागे. सकाळी न्हाणीघरापर्यंत, दुपारी जेवायला, संध्याकाळी गॅलरीत. चाल जमे, पण डबा थांबला की पायही थांबत. खालच्या बिऱ्हाडाने एकदाही तक्रार केली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

६. दि. ९ ऑक्टोबरला अर्जदार त्यांच्याच गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली होती. "मी येईपर्यंत उठायचं नाही," असे तिने बजावले होते. तेवढ्यात सिलिंडरवाल्याने घंटी वाजवली. तो सांगतो की आतून चौकटीवर बोटांनी वाजवल्याचा आवाज येत होता, फार हळू, मध्ये मध्ये तुटणारा. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. मनोहर यांच्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झाली. नंतर छातीत कफ साठला आणि दि. २७ ऑक्टोबरला ते वारले. त्या अठरा दिवसांत त्यांनी औषधाविषयी काही विचारले नाही. "श्यामचं काम सुटलं का ग?" एवढे दोनदा विचारले.

७. तेरावा उरकल्यावर दोन दिवसांनी आपले निमंत्रण आले. दि. ३० नोव्हेंबरच्या वार्षिक समारंभात 'कलोपचाराने चालू लागलेले रुग्ण' म्हणून मनोहर यांनी मंचावर पाहुण्यांसमोर दहा पावले चालून दाखवावीत, सोबत एका नातेवाइकास चहा मिळेल, असे त्यात आहे. अर्जदाराने दूरध्वनी करून मृत्यूची बातमी कळवली. पलीकडून विचारणा झाली, "मग त्यांच्या जागी कोणी येऊ शकेल का?"

८. श्याम तेराव्याला घरी आले होते. विभागातले काम सुटले तरी उरलेले रुग्ण अजून फोन करतात, असे ते म्हणाले. म्हणून ११ नोव्हेंबरला आपल्या वाहनतळाच्या पत्र्याखाली ढोलकी वाजली. तिघे आले आणि तिघेही चालले. गोपीनाथ बुरडकर, वय ७४, कोलार रोडवर एकटे राहतात. ते पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. परतताना अर्जदाराजवळ थांबून म्हणाले, "वहिनी, आज घरी जाऊन स्वतः चहा करणार." शुक्रवारी, १४ तारखेला, सुरक्षारक्षकाने सर्वांना फाटकाबाहेर काढले. "माताजी, ऊपर से ऑर्डर है," असे म्हणताना त्याची मान खाली होती.

९. सबब विनंती अशी : मनोहर यांच्या नोंदीतील 'पूर्ण' हा शब्द खोडून तेथे 'सहा' लिहावे; निःशब्द चार अर्जदार सत्रांत धरत नाही. 'समाधानकारक' हा शब्दही खोडावा. आणि उर्वरित रुग्णांना मंगळवारी व शुक्रवारी एक तास वाहनतळाच्या पत्र्याखाली, ऐकू येईल अशा ढोलकीसह, चालू द्यावे. अर्जदाराला भरपाई नको आहे. समारंभाला ती येणार नाही.

१०. श्याम यांना इंदूरच्या एका वरातीच्या बँडमध्ये काम मिळाले असून ते रविवारी, २३ तारखेला जाणार आहेत. परवानगी मिळाल्यास राहीन, असे त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे निर्णय शनिवारपर्यंत व्हावा. त्यानंतर दिलेली परवानगी कोणाच्या पायांच्या उपयोगाची राहणार नाही.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
कुसुम मनोहर खानझोडे

सोबत :
१. डॉ. सोनाली यांच्या चिठ्ठीची प्रत
२. हजेरीपत्रकाची प्रत (१५ ऑगस्टची नोंद अधोरेखित)
३. मृत्यूचा दाखला
४. समारंभाचे निमंत्रण, मूळ प्रत, परत