बुटांच्या दहाव्या जोडाबाबत

प्रति,
माननीय विभागप्रमुख,
वृद्धकल्याण विभाग,
मुगोक तालुका कार्यालय, मुगोक.

विषय : सेम्गोल विरंगुळा केंद्राची दहावी सभासद म्हणून माझे नाव नोंदवून घेणेबाबत, तसेच दिवंगत सभासदाचे बूट केंद्राच्या दारातून न हलवणेबाबत.

संदर्भ : केंद्राच्या दारावर चिकटवलेले आपले पत्र, 'खोटी पटसंख्या दाखवून इंधन घेणे'.

अर्जदार : केनेइलवे मोत्सुमी, इंग्रजी शिक्षिका, सेम्गोल प्राथमिक शाळा. माहेर किंबर्ली, दक्षिण आफ्रिका.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. आपल्या पत्रानुसार केंद्रात किमान दहा सभासद हवेत आणि आमच्याकडे नऊच उरले आहेत. सबब चांद्र नववर्षाची सुट्टी संपताच केंद्राच्या बॉयलरचे तेल बंद होईल व दाराला कुलूप लागेल. त्याच पत्रात, मयत सभासद ओक्चॉनकरीण आजी यांचे बूट दारातून तात्काळ हटवून तसे कळवावे, असाही आदेश आहे. बूट हटवलेले नाहीत. का नाहीत ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. साहेबांनी कृपया वैतागू नये.

२. मी या गावी आले त्या वर्षी हिवाळ्याची सुट्टी लागली, मुले घरी गेली, सहशिक्षकही घरी गेले. माझ्या करारात मात्र सुट्टीतही शाळेत हजर राहण्याचे कलम होते. त्यामुळे रिकाम्या शाळेत, बंद केलेल्या बॉयलरजवळच्या खोलीत, कोट आणि हातमोजे घालून मी टेबलाशी बसत असे. काम काहीच नव्हते. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, अंगणात पीच पिकलेले असतात, आई दारात खुर्ची टाकून बसते. इथे नाताळच्या दिवशी मी शाईसुद्धा गोठलेली पाहिली. मला रडू येत होते हे लिहायला आता लाज वाटत नाही.

शाळेत भूत बसते अशी आवई गावात उठली, कारण दिवसाढवळ्या एकाच खिडकीत दिवा दिसे. ओक्चॉनकरीण आजी खराटा घेऊन भूत हाकलायला आली. दारात उभी राहून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, हिला तर जेवायलाही कुणी विचारलेलं नाही. ऊठ. शाळा काही पळून जात नाही." त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी व शाळा सुटल्यानंतरचा वेळ मी केंद्रातल्या, बॉयलरने खालून तापवलेल्या जमिनीवर काढत आले आहे. सभासद नसलेली बाई सरकारी तांदूळ खाते अशी तक्रार मध्यंतरी आपणाकडे आली होती. त्याबाबत नमूद करते की तांदूळ मी माझा आणते आणि भांडीही मीच घासते.

३. गावच्या रीतीप्रमाणे या बायकांना कोणी नावाने हाक मारत नाही. जी जिथून सून होऊन आली त्या गावावरून ती ओळखली जाते. ओक्चॉनहून आली ती ओक्चॉनकरीण, उल्जिनहून आली ती उल्जिनकरीण. दुसऱ्या हिवाळ्यात, कोबीला तिखट चोळता चोळता, त्यांनी मला किंबर्लीकरीण करून टाकले. माझे लग्न झालेले नाही, हे नाव मला लागू पडत नाही, असे मी सांगून पाहिले. ओक्चॉनकरीण आजीने कोबीतून मानही वर केली नाही. "माहेर सोडून आलीस ना? मग झालं तर," ती म्हणाली. तिखटाचे हात असल्याने मला डोळे पुसता येईनात, आणि त्यावरून सगळ्या मनसोक्त हसल्या.

४. पुढे एका डिसेंबरअखेरीस माझी आई गेली. रजा मिळाली, पण विमानात जागा मिळून मी पोचेपर्यंत तिची माती झाली होती. मी परत येऊन कामावर रुजू झाले आणि कोणाला फारसे सांगितले नाही. वर्ष भरले त्या दिवशी केंद्रात गेले तर ओक्चॉनकरीण आजी सकाळपासून चुलीशी होती. आधीच्या आठवड्यात तिने सहज विचारावे तसे विचारून घेतले होते की तुझी आई काय आवडीने खायची. मी मक्याची घट्ट पेज म्हटले होते. मका तर तिच्याही माहेरचे अन्न. तिने पेज रांधली, फळे मांडली, मेणबत्त्या लावल्या, आणि बुटक्या चौरंगासमोर आसन टाकता टाकता थांबली.

"तुझ्या आईला खाली मांडी घालून बसता येतं का गं," तिने विचारले, "की खुर्ची ठेवू?"

मी खुर्ची म्हटले. गावप्रमुखांच्या घरून खुर्ची आली, तिच्यावर उशी ठेवली, आणि खुर्चीच्या उंचीला पेज पोचावी म्हणून चौरंगाखाली चार विटा दिल्या. सगळ्या आज्यांनी माझ्या आईला वाकून नमस्कार केला. महोदय, माझ्या आईला माझ्या घरी कोणी असे बसवले नव्हते. त्यानंतर दरवर्षी ती खुर्ची आली आहे. यंदा ती मी आणली, पेजही मीच केली, आणि पेज पातळ झाली.

५. यंदा पेज मी का केली, ते आता सांगते. या डिसेंबरात थंडी फार पडली आणि आपल्या कार्यालयाकडून मिळालेले महिन्याचे तेल महिना संपण्याआधीच संपले. वाढीव तेलासाठी गावप्रमुखांनी अर्ज केला. पुढच्या महिन्याचे पुढच्या महिन्यात मिळेल असे उत्तर आले. केंद्र बंद झाले. शेवटच्या दिवशी बर्फ घोट्याच्या वर चढला होता, म्हणून ओक्चॉनकरीण आजी केंद्रातले सामाईक गमबूट घालून घरी निघाली आणि स्वतःचे केसाळ बूट दाराशीच ठेवून गेली. "असू देत इथं, उद्या नेते," असे ती मला म्हणाली. उद्या केंद्र बंद आहे हे तिला ठाऊक होते. सवयीने म्हणाली असावी.

या बायका दिवसभर केंद्रात असतात म्हणून घरचा बॉयलर अगदी नावाला चालवतात. केंद्र बंद झाले तरी ती सवय सुटत नाही. नाताळच्या सकाळी मी तिला गोड पाव द्यायला गेले तेव्हा ती पांघरुणात होती. मी आधी तिच्या कपाळाला हात लावला आणि मग जमिनीला. दोन्ही सारखेच गार होते.

झोपेत गेली, सोनं झालं तिचं, असे सगळ्या म्हणाल्या. मीही मान हलवली. पण सोने झाले असे मला वाटत नाही, आणि हे कोठेतरी लिहून ठेवायला हवे म्हणून आपणास लिहीत आहे.

६. आता बुटांविषयी. तिचा मुलगा इंचॉनहून आला. क्रियाकर्म आटोपल्यावर सर्वांचे आभार मानायला केंद्रात आला, तेव्हा दाराशी आईचे बूट पाहून उकिडवा बसला. त्याने एका बुटात हात घातला. मी बूट पिशवीत घालून देऊ का असे विचारले. "राहू द्या इथंच," तो म्हणाला. "घरी नेऊन कुठं ठेवू? घराला तर कुलूप लावलं मी." सबब हे बूट वारसाच्या संमतीने ठेवलेले आहेत.

आपले निरीक्षक श्री. सॉक जानेवारीत पटपडताळणीस आले तेव्हा वारा बोचरा होता. सौजन्याने त्यांनी आत येऊन दार उघडे ठेवले नाही. दाराबाहेरून बुटांचे जोड मोजले, दहा भरले, आणि ते निघून गेले. माझे बूट त्यांनी मोजले नाहीत, कारण आज्यांच्या बुटांसारखे ते केसाळ नसतात आणि मापानेही मोठे आहेत. आज्यांनी कोणतीही खोटी संख्या सांगितली नाही, कारण त्यांना कोणी काही विचारलेच नाही. पुढे मृत्यूची नोंद पाहून आपण त्यांना लबाड ठरवले. पत्र वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. उल्जिनकरीण आजी सगळ्यांत थोरली आणि तोंडाची फटकळ. पत्र संपताच ती उठून दाराशी गेली आणि बूट नीट करून आली.

नीट करून म्हणजे, त्यांची तोंडे बाहेर वळवून. जाणाऱ्याला पाय घालायला सोपे जावे म्हणून ओक्चॉनकरीण आजी रोज संध्याकाळी सगळ्यांचे बूट असे वळवून ठेवी. ते काम आता उल्जिनकरीण आजीने घेतले आहे. रोज ती दहाही जोड वळवते. मी शिक्षिका आहे, हजेरी कशी घ्यायची ते मला समजते. पण हे बूट उचल असे त्या माउलीला सांगणे मला जमणार नाही. आपणास जमत असल्यास आपण समक्ष यावे.

७. सभासदत्वासाठी वय पासष्ट पूर्ण हवे असा नियम आहे, आणि पारपत्रानुसार माझे बेचाळीस आहे. तथापि, नववर्षाच्या सकाळी तांदळाच्या चकत्यांचे सार प्यायले की वय एका वर्षाने वाढते, हे आपल्या कार्यालयातही सर्वजण मानत असतील. मला गावात स्वतःचे घर नसल्याने दर नववर्षाला प्रत्येक आजी मला आपल्या घरी बोलावते आणि वाडगा रिकामा झाल्याशिवाय सोडत नाही. दर वाडग्याला एक वर्ष, असा याचा हिशेब खुद्द ओक्चॉनकरीण आजीने गेल्या वर्षी मांडला होता. "ही तर आपल्या सगळ्यांची आजी झाली की," ती म्हणाली होती. "उद्यापासून हिला आधी वाढा, आणि हिच्यासमोर पाय पसरून बसू नका." तेव्हापासून मला ताट खरोखरच आधी मिळते. हा पुरावा ग्राह्य धरून मला पासष्ट वर्षांची समजण्यात यावे.

८. हा पुरावा आपणास ग्राह्य नसेल याची मला कल्पना आहे. मी आठवडाभर हा परिच्छेद लिहून खोडला आणि तरी ठेवला, कारण याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. खरे सांगायचे तर मला सभासदत्व नको, तांदूळ नको, तेलातला वाटाही नको. केंद्र बंद झाले की या नऊ जणी आपापल्या घरी एकेकट्या बसतील आणि बॉयलर नावालाच लावतील. मग सकाळी शाळेत जाण्याआधी मी दारोदार फिरून जमिनीला हात लावून पाहीन. एका घरात मी ते केले आहे. पुन्हा करण्याचे बळ माझ्यात नाही, एवढेच या अर्जाचे सार आहे.

तरी नियमात काहीच बसत नसल्यास एक शेवटची विनंती. सुट्टीनंतर फेरपडताळणीस श्री. सॉक यांनाच पाठवावे, आणि त्यांनी पूर्वीप्रमाणेच बाहेरून मोजावे. थंडी आहे, आत येण्याची तसदी त्यांनी घेऊ नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

केनेइलवे मोत्सुमी
(सेम्गोल येथे किंबर्लीकरीण)

दिनांक : नववर्षाचा आदला दिवस, फेब्रुवारी

सोबत :
१. सहीऐवजी नऊ सभासदांचे शिक्के. उल्जिनकरीण आजीचा शिक्का उलटा उमटला आहे, तो तसाच ग्राह्य धरावा.
२. वारसाचे संमतिपत्र.
३. माझ्या पारपत्राची प्रत.
४. बूट हटवल्याचा अहवाल : सोबत नाही. बूट दाराशी आहेत. उद्या सकाळी त्यांच्यापुढेही साराचा एक वाडगा ठेवला जाईल, त्यामुळे ओक्चॉनकरीण आजीचे वयही एका वर्षाने वाढलेले असेल. कृपया तशी नोंद घ्यावी.