बांध कोरणारे

आई,
आधी तुझ्या पायावर डोकं, मग बाकीचं.

मी ठणठणीत हाय. गुडघ्याला तेल लावतीस का? ज्वारी हुरड्याला आली आसंल.

इथं आफ्रिकेत आमी युनोच्या निळ्या टोपीतले जवान दोन देशांच्या हद्दीवर उभे हाय. शेजारच्या देशाच्या पुढाऱ्याला लई मोठं व्हायचंय, म्हणून तो हद्द सरकवत आत येतोय. तोफा त्याला लांबचे दुसरेच देश पुरवतात.

हद्दीवरल्या एका म्हातारीनं विचारलं, भांडण कशाचं? मी दुभाष्याला म्हणलं, सांग, तिकडचे बांध कोरत्यात. त्याला ते सांगता येईना. मग मी मातीचा बांध घातला अन् टाचेनं जरा जरा उकरला. म्हातारीला लगेच कळलं.

तिला तुझंबी सांगितलं. भावकीनं गावच्या पुढाऱ्याचा ट्रॅक्टर आणून आपला बांध कोरायला घेतला, तवा तू एकटी त्याच्या पुढं जाऊन बसलीस. सांगताना छाती फुगली माझी.

काल गोळीबार झाला, पण लांब. काळजी करू नको.

म्हातारी रोज तिच्या शेताच्या कडंला येऊन बसती. मी तिच्या पुढं उभा राहतो. तवा तुझ्या पुढं उभं राहायला कुणी नव्हतं.

रतनबाईचा पोरगा,
बिभीषण