अर्ध्या वाटेची बॅटरी

माय, गेल्या आठवड्यात मी वहिनीबरोबर गेवराईला बॅटरी घ्यायला गेले होते. तुला हसू येईल, पण दादाच्या होडीला आता मागच्या बाजूला एक लहानशी विजेची मोटर बसली आहे. पंख्यासारखं पातं पाण्याखाली फिरतं, आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे जाळ्यापाशी गेलं तरी मासा बुजत नाही. दुकानदार तिला ट्रोलिंग मोटर म्हणतात, दादा नुसतं मोटर म्हणतो. धरण भरलं की जाळी लांब आत टाकावी लागतात आणि परतताना वारं समोरून येतं, हे तुला मी काय सांगायचं. दादा आता पन्नाशीला आला. मोटर त्यानं हौसेनं घेतली आणि बॅटरीपाशी अडला.

ती अडचण मी सोडवली, असं मला वाटलं होतं. अंबाजोगाईच्या माझ्या घरी इन्व्हर्टरला नवी बॅटरी बसवली होती आणि जुनी अजून बरी चालत होती. लोडशेडिंगमुळे आपल्याकडं सगळ्यांनाच बॅटरीतलं थोडंफार कळतं, त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडीची बॅटरी इंजिनला एक जोरदार झटका देण्यापुरती असते, रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. इन्व्हर्टरची मात्र तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यासाठीच केलेली असते. हे सगळं दादाला फोनवर नीट समजावून मी ती टेम्पोतून धाडून दिली. वजनाचा विचार मनातच आला नाही. घरात बॅटरी एकदा कोपऱ्यात ठेवली की ठेवली, तिला पुन्हा कोण उचलतं.

आठ दिवसांनी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमची बॅटरी लई चांगली हाय," ती म्हणाली. "पन ती माझ्या जागेवर बसलीया."

मला आधी कळेना. मग तिनं सांगितलं. बॅटरी दोघांनी मिळून उचलावी लागते, उंच आहे, आत आम्लाचं पाणी डुचमळतं. ती नीट बसेल अशी होडीत एकच जागा, मागची, जिथं वहिनी वल्हं घेऊन बसते. दादा, जाळं, बॅटरी आणि वर वहिनी, एवढं ओझं होडी घेईना. काठ पाण्याला टेकायला लागला. मग दादानं ठरवून टाकलं.

"आराम कर म्हनले. घरी बस म्हनले. मी म्हनलं, मला कावून इचारलं न्हाई? तर म्हनले, यात इचारायचं काय."

मी शाळेच्या व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी होते, मधल्या सुट्टीचा गोंगाट चालू होता आणि मला तू दिसत होतीस. मी सात-आठ वर्षांची आहे, होडीच्या मधोमध ओल्या जाळ्याच्या ढिगावर बसले आहे. पुढं आबा जाळं ओढतायत, मागं तू. आबा वळून न बघता म्हणतात, "जरा डावीकडं," आणि तू होडी आधीच वळवलेली असते. घरी तुम्ही दोघं फार बोलायचा नाहीत. आबा जेवायचे, तू वाढायचीस. होडीत मात्र तू त्यांना बिनधास्त टोकायचीस. "जाळं वढताय का म्हैस?" म्हणायचीस आणि आबा खाली मान घालून हसायचे. घरी त्यांना कुणी असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला अंबाजोगाईत नोकरी लागली त्या वर्षी मी तुला होडीतून उतरवलं. तुझा खांदा दुखायचा. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाले काही दिवस विसावा द्या. काही दिवसांचं कायमचं मी केलं. तुला माझ्याकडं घेऊन आले, आबांनी चुलत्याला होडीवर घेतलं. दोन महिन्यांत तू परत गेलीस, पण तोवर तुझी जागा भरली होती. मग तू काठावर बसून मासे निवडायचीस. एकदा मी गावाकडं आले असताना, चुलीपुढं भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "खांदा माझा व्हता. इचारायचं तरी." मला राग आला. तुझ्यासाठीच तर करतेय, म्हणाले. "व्हय," एवढंच म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस.

म्हणून वहिनीचा फोन ठेवला आणि रविवारची वाट पाहिली. गेवराईला हायवेच्या कडेला ई-रिक्षाच्या बॅटऱ्या विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी आधी रिक्षाची बॅटरी दाखवली. सांडायची भीती कमी, किंमत जमण्यासारखी, पण उचलताना चाचांचीच मान ताठ झाली. मग लिथियमची काढली. वहिनीनं ती सहज उचलून कडेवर घेतली, किंमत ऐकली आणि हळूच खाली ठेवली. त्यातली किती माझ्या पगारातून निघेल, याचा मी विचार करत होते.

चाचा म्हणाले, "स्वस्त पायजे, हलकी पायजे, अन लई वेळ चालली बी पायजे. ताई, असा तर नवरा बी मिळत न्हाई."

"मला मिळालाय की चाचा," वहिनी म्हणाली. "निस्ता हलका न्हाई."

मी कागद काढून हिशेब मांडायला बसले होते. मोटर पूर्ण जोरात किती वीज खाते, जायला-यायला मिळून किती वेळ लागतो, शेवटी थोडी शिल्लक किती ठेवायची. काहीही केलं तरी मोठीच बॅटरी येत होती. वहिनी कागदाकडं बघत होती. "जाताना कशाला पायजे मोटर?" ती म्हणाली. "जाताना वारं पाठीमागून असतंय. मी हाय की."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "मंग अर्ध्या वाटेचीच घ्या ना."

माझ्या कागदावर वारं होतं, अंतर होतं, मोटर होती. वल्हं मी धरलंच नव्हतं. मग निम्म्या ताकदीची छोटी लिथियम घेतली. ती आम्हाला परवडली. तिच्यासाठी वेगळा चार्जर लागतो, जुना चालत नाही, आणि पाणी लागू नये म्हणून झाकणाचा डबा करा, हे चाचांनी दोनदा बजावलं. घरी आल्यावर दादा कुरकुरला. "लोक म्हनतील, मोटर असून बायकोला राबवतो."

"लोकास्नी म्हनावं, या, तुमी मारा वल्हं," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर उभी राहून पाहिलं. बॅटरी पुढच्या फळीखाली, वहिनी मागं. होडी बरीच आत गेली तरी ती दादाला काहीतरी सांगतच होती.

माय, तुझ्या खांद्यासाठी मी तुला उतरवलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. खांदा दुखत होता, ते खरंच. पण त्याच महिन्यात मला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यांची जीप धरणाच्या रस्त्यानंच यायची होती. पदर खोचून वल्हं मारताना तू त्यांना दिसू नयेस, म्हणून मी घाई केली. तिथं माझं जमलं नाही, पुढं दुसरीकडं जमलं. तरी तुला परत होडीत बस म्हणायला माझी जीभ उचलली नाही. निघताना वहिनी म्हणाली, "वन्सं, बाईच्या जिवाचं तुमालाच कळतं." मी "असू दे" म्हणाले आणि एसटीत चढले. तू आता नाहीस, हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.