पल्लवीचा अर्धा राहिलेला पाठ

मंगळवार, संध्याकाळ

मुरार भागातल्या शाळेत आज पल्लवीचा बी.एड.चा परीक्षा-पाठ होता. अपूर्णांक शिकवताना मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. पल्लवी खडू ठेवून तिच्याशेजारी खाली बसली, ती थेट घंटा होईपर्यंत.

प्राचार्य मला म्हणाले, "पाठ अधूरा है, मॅडम. फेल कीजिए." परीक्षक मी, तरी त्यांना विरोध न करता, निकाल कोराच ठेवून निघाले. का? पल्लवी खाली बसली तेव्हा सगळा वर्ग किती शांत झाला होता!

घरी आल्यावर राहवेना, तिला फोन लावला. "उद्या पुन्हा पाठ घे."

"मॅडम, ती परत रडली तर?"

"तर परत खाली बस."

म्हणाले खरी. पण उद्या प्राचार्यही वर्गात असतील. त्यांच्यासमोर हेच म्हणायला जमेल मला?