फुलचूर स्थानकाचे दार बसच्या दाराला भेटत नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
जलद बस मार्ग कक्ष, गोंदिया.

विषय : फुलचूर येथील जलद बस स्थानकावरून अर्जदाराच्या पत्नीस बसमध्ये चढता यावे, याबाबत.

संदर्भ : 'सदर आश्वासनाची कार्यालयात नोंद आढळून येत नाही' असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार केशोराव पटले, किराणा दुकानदार, राहणार फुलचूर, सविनय सादर करतो की, त्याच्या पत्नी शामकलाबाई यांना लकवा झाल्यापासून त्या चाकाच्या खुर्चीवर असतात. त्याआधी कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या राहून त्या साथ करीत. पाय गेले, पण गळा शाबूत आहे. त्यांना कीर्तनाला जाता यावे, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

फुलचूरच्या भजनी मंडळाचा सिमेंटचा ओटा रस्त्याच्या आखणीत येत होता. कीर्तने तिथेच होत आणि शामकलाबाईंची खुर्ची घरातून थेट ओट्यापाशी ढकलत नेता येई. मंडळी ओटा सोडायला तयार नव्हती. तेव्हा आपल्या कार्यालयाचे उपअभियंता श्री. उमेंद्र साहेब सप्ताहात समजूत घालायला आले. कीर्तनकार बुवा थोर मनाचे. त्यांनी स्वतः बाजूला सरकून साहेबांना नारदाच्या गादीवर उभे केले. अर्जदाराने बुक्का लावला, हार घातला आणि साहेब वयाने लहान असूनही अर्जदार त्यांच्या पाया पडला, कारण गादीवर उभ्या माणसाचे वय पाहत नाहीत.

साहेबांनी दोन्ही तळहात एकमेकांना लावून दाखविले, की स्थानकाचा फलाट आणि बसचा तळ असा एका पातळीत येईल. पायरी नाही, फट नाही. मग शामकलाबाईंकडे पाहून म्हणाले, "मावशी, खुर्चीसकट सरळ आत. कोणाचा हात लागणार नाही तुम्हाला." मंडपात रामकृष्ण हरीचा गजर झाला आणि ओटा दिला गेला.

आपण नोंद मागता. साहेब, गादीवरून बोललेले कागदावर लिहून मागायची आमच्यात रीत नाही. तसे मागणे म्हणजे गादीवर संशय घेणे. हार्मोनियमवाले दुर्गाप्रसाद तेवढे कुजबुजले होते, "एक सही घेऊन ठेवा जी." अर्जदारानेच त्यांना गप्प बसविले.

स्थानक मात्र दृष्ट लागावी असे झाले, हे कबूल केले पाहिजे. रस्त्याच्या मधोमध, कमरेइतका उंच फलाट, चढायला उतार, धरायला दांडे, सरकती काचेची दारे. उद्घाटनाच्या दिवशी शामकलाबाई ठेवणीतले लुगडे नेसून स्वतःच्या हाताने चाके फिरवीत उतार चढल्या. अर्जदार मुद्दाम मागे राहिला. काच सरकली, बस आली आणि दारासमोर येऊन थांबली ती ड्रायव्हरची खिडकी. प्रवासी दार पलीकडच्या बाजूला! स्थानक मध्ये, म्हणजे बसच्या उजव्या हाताला. आणि आणलेल्या सगळ्या बसगाड्यांना दार डावीकडे.

ड्रायव्हर भला माणूस. त्याने खिडकीतूनच हात जोडले आणि म्हणाला, "काकी, इकडून याचं असन त माह्या मांडीवरूनच या लागन!" शामकलाबाईही सगळ्यांबरोबर हसल्या. घरी आल्यावर त्यांनी लुगडे घडी घालून पेटीत ठेवले आणि जेवायला नको म्हणाल्या.

तेव्हापासून बस डावीकडे पानठेल्यापाशी थांबते. तिथून बसच्या तीन उंच पायऱ्या चढाव्या लागतात. काचेच्या दारांना कुलूप आहे. फलाटावर शेजारच्या बाया वड्या वाळवतात, कारण ऊन चांगले येते. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी पाहणी करून, स्थानक 'वापरात आहे' असा शेरा दिला, तो या वड्यांच्या भरवशावर दिला असावा, असे अर्जदारास नम्रपणे वाटते.

ओटा गेल्यामुळे कीर्तन आता गोंदियातल्या एका सभागृहात होते. ऑटोत बसवायला दोन माणसे लागतात. शामकलाबाईंनी साफ सांगितले, "मले धानाच्या पोत्यावानी उचलू नोका." अर्जदार एकटा जातो आणि परत येऊन आख्यान सांगतो. त्या ऐकून घेतात. परवा म्हणाल्या, "सांगता त बराबर जी, पण तुमच्या सांगण्यात टाळ नाई वाजत." मंडळातले लोकही आता अर्जदाराला पाहून म्हणतात, "या केशोराव, ओटा देऊन काचंचं घर घेतलं काऊन जी?" त्याचे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की उमेंद्र साहेबांकडून कोणी दटावून किंवा अडवून शब्द घेतला नव्हता. आम्ही हार घातला होता, आणि त्यांनी बसचे दार कोणत्या बाजूला असते तेसुद्धा पाहिले नव्हते.

तरी विनंती अशी की,

१) उजवीकडे दार असलेली एक तरी बस या मार्गावर द्यावी.

२) ते होत नसल्यास डाव्या बाजूला बसच्या तळाइतका फलाट बांधावा. काचा नकोत, छप्पर नको.

३) तेही होत नसल्यास, उपअभियंता साहेबांनी पुन्हा गादीवर उभे राहून, आपण बोललो ते खोटे ठरले, असे मंडळींसमक्ष सांगावे. हार तेव्हाही घालू.

येत्या शनिवारी एकादशी आहे. शामकलाबाई सकाळपासून स्थानकाच्या कुलूपबंद दाराशी खुर्ची लावून बसणार आहेत. त्यांना उचलण्यासाठी माणसे पाठवू नयेत. हे उपोषण नाही, आंदोलन नाही. पोलिसांना कळवू नये. लोक विचारतील तेव्हा काय सांगशील, असे अर्जदाराने त्यांना विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "बसची वाट पाहून राहिली म्हणीन. ठेसनावर माणूस आखीन काय करते जी?"

'आपला विश्वासू' लिहिणे या खेपेस जमत नाही, म्हणून नुसताच

नम्र,
(सही)
केशोराव पटले
फुलचूर, ता. जि. गोंदिया
दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत : १) शामकलाबाई यांच्या दिव्यांग प्रमाणपत्राची छायाप्रत. २) स्थानकाच्या बंद दाराचा फोटो (वड्यांसह).