ताईच्या नावाची हाक

आदरणीय बिसेन सर,

सातवीत तुम्ही मले कितीतरी महिने 'दीपिका' म्हणून हाक मारली. दीपिका माझी मोठी ताई. तिले शिकवून तुमची बदली झालती. तुम्ही आपल्या उकव्याच्या शाळेत परत आले तोवर ती तापानं गेली होती, अन् हे तुमाले कोणी सांगितलंच नव्हतं. माझा चेहराही तिच्यासारखाच.

ताई गेल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही साऱ्या वर्गासमोर हात जोडले. "चुकलो बेटा. पण तू सांगितलं काहून नाही?"

मंग तुम्ही माझ्या बाकावर बसले अन् विचारलं, "मोठी झाल्यावर कशी होती दीपिका?" पूर्ण मधल्या सुट्टीभर मी तिच्याबद्दल बोलली. तोवर मले हे कोणीच विचारलं नव्हतं.

तुमच्या त्या 'काहून'चं उत्तर आज लिहून राह्यली. आई रडते म्हणून घरी बाबूजीनं ताईचं नाव घेणं बंद केलतं. तुम्ही "दीपिका, वाच" म्हणत, तेव्हा मी उठून वाचत होती, अन् तेवढा वेळ ताई वर्गात राहे.

हे पत्र टाकणार नाही, सर. वाचून तुम्ही पुन्हा हात जोडान.

तुमच्या वर्गातली,
साधना