तुझ्या मळ्यात सुधारलेली माझी तब्येत

प्रिय आक्का,

आज डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं. माझा रक्तदाब म्हणे पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागतोय. "सर, काय केलंत ते असंच चालू ठेवा," असं वर सांगितलं. काय उत्तर देणार होतो मी? थोरली बहीण वारली, तिच्या दिवसकार्याला कोडोलीला राहिलो आणि तिथं मला बरं वाटलं, असं? नुसता हसलो, घरी आलो आणि हे लिहायला बसलो. ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही.

तू मला मळ्यावर किती बोलावलंस! कोल्हापूर ते कोडोली म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. पण तू कधी कारण म्हणून दिलं नाहीस. "ये की रं, नुसता बस," एवढंच. नुसतं बसायला कोण येतं, आक्का? एखादं व्याख्यान ठेवायचं होतंस, शाल-श्रीफळ ठेवायचं होतंस, पहिल्या एसटीनं आलो असतो. चूक थोडी तुझीही आहे.

कॉलेजात मी मुलांना तपोवनं शिकवतो, ती ट्यूबलाइटच्या उजेडात आणि खिडक्या लावून. कारण वाऱ्यानं पानं उडतात. पुस्तकाची. "आमचा पंडित म्हंजे फडताळात वाढल्यालं रोप हाय," असं तू चारचौघांत सांगायचीस. मी हसायचो आणि पंख्याखाली सरकायचो.

दिवस झाल्यावर मी निघणारच होतो, पण तुझ्या संजूनं अडवलं. तुझाच लेक तो. रडत नाही, काम सांगतो. म्हणाला, मामा, आप्पा उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत, जेवत नाहीत, भिंतीकडं तोंड करून बसतात. तुमचा शब्द मोडणार नाहीत, तुम्ही सांगून बघा. खरंच गं, दाजींना दिवसाउजेडी छपराखाली बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. संजूला वाटत होतं, आई गेली तसे आता आप्पाही चालले.

मग मी शब्द टाकला. माझ्याजवळ शब्दांशिवाय असतं काय? म्हटलं, दाजी, शास्त्रात आहाराइतकंच विहाराला महत्त्व आहे. विहार म्हणजे मोकळ्यावर हिंडणं. त्यानं मन निवतं, अन्न पचतं, झोप लागते. दाजींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भिंतीकडंच बघत म्हणाले, "व्हय. मग तुमी जावा की."

पितळ उघडं पडलं. गेलो झालं!

पहिल्या दिवशी चप्पल चिखलात रुतली आणि मी तुझ्या मळ्याला जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल काढूनच पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो. मग रोज जाऊ लागलो. दाजींना दाखवायला म्हणून जातोय, असं स्वतःला सांगत होतो. खोटं होतं ते. मला तिथं जावंसं वाटत होतं.

एका दुपारी विहिरीजवळच्या जांभळाखाली मला झोप लागली. कोल्हापुरात जी गोळी घेऊनही रुसून बसते, ती झोप. जाग आली तेव्हा आधी कळलं की कडकडून भूक लागली आहे. त्यानंतर आठवलं की तू नाहीस. हा क्रम मी कुणाला सांगू, आक्का? तसाच उठून घरी आलो, तुझ्या सुनेकडं आणखी एक भाकरी मागितली, आणि मग दाजींच्या तशाच पडलेल्या ताटाकडं नजर गेली. हातातला घास ताटात ठेवला.

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दाजी, तुमच्या उसात दूर्वा काय सुंदर माजल्यात हो!"

भिंतीकडचं तोंड पहिल्यांदा वळलं. काय माजलंय, विचारलं. मी म्हटलं दूर्वा, विहिरीपासून थेट बांधापर्यंत, हिरवागार गालिचा नुसता.

"हरळी म्हणा की हो, पावणं. उसाला खाऊन टाकील ती. आन तुमी बघत बसलाय?"

मी चाचरत म्हणालो, गणपतीला आपण हीच वाहतो ना?

"गणपतीला चालती, उसाला न्हाय."

आणि दाजी उठले. टोपी मागितली, खुरपं मागितलं, आणि माझ्याआधी उंबरा ओलांडून गेले. मी मागून पळतोय. संजू दारातच उभा राहिला.

मळ्यात गेल्यावर तासभर त्यांनी माझा उद्धार केला. हरळीच्या लांबच लांब काशा, म्हणजे जमिनीखाली पसरलेल्या मुळ्या, मातीतून ओढायच्या आणि प्रत्येक काशीमागं मला एक विशेषण. मीही उपटू लागलो. त्यात उसाचे एकदोन कोंब गेले, ते गुपचूप खिशात घातले. मग एकदम त्यांचं खुरपं थांबलं. "ती असती तर एवढी वाढू दिली नसती," म्हणाले, आणि सरीतच बसून रडले. घरात त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मोकळ्या आभाळाखाली माणूस मोठ्यानं रडू शकतो, हे मी शास्त्रात कुठं वाचलं नव्हतं. थोड्या वेळानं संजूनं आणलेली भाकरी त्यांनी बांधावर बसून खाल्ली. मीही खाल्ली. गोड लागली गं, काय करू?

संजू गावभर सांगतोय की मामांचा शब्द आप्पांनी मोडला नाही. मी त्याला खरं सांगितलेलं नाही.

परवा त्याचा फोन आला. दाजी आता रोज मळ्यात जातात. पण हरळी पुन्हा फुटली आहे, आणि पावणं कधी येणार म्हणून विचारतात. तेव्हा ऐक. येत्या रविवारपासून दर रविवारी मी दाजींच्या शेजारच्या सरीत असेन. तिथं मला भूक लागेल, झोप लागेल, आणि तू नसताना लागेल. त्याची लाज जाणार नाही. जावी असं मला वाटतही नाही. पण लाज वाटते म्हणून घरी बसणार नाही, आणि दाजींनाही बसू देणार नाही. एवढा शब्द घे.

तुझा,
खुरपं अजून उलटं धरणारा,
बाळू